रक्त दाखवता, हात का दाखवत नाही?

'आम्ही फक्त खरं तेवढंच दाखवलं' असं जो म्हणतो त्याचे खिसे आधी तपासा. मग त्याचा कॅमेरा तपासा.

मी सूतगिरणीत रातपाळी करणारा माणूस. शाळा नववीला सुटली. सिनेमावर लिहायला जी पदवी लागते ती माझ्याकडं नाही. पण पिढ्यान् पिढ्या आम्हाला बघितलं जातंय. गावाच्या वेशीवरून, माडीवरून, गाडीच्या काचेतून. बघितलं जाणं म्हणजे काय, या विषयात आपली पीएचडी झालेली आहे. तेव्हा बघणाऱ्यांच्या धंद्यावर बोलायचा पहिला हक्क आपला.

आज बोलायचंय ते 'मोंदो' नावाच्या सिनेमांवर. पुष्कळांनी हे नाव ऐकलं नसेल. पण त्याचं पिल्लू तुमच्या प्रत्येकाच्या खिशात, मोबाईलमध्ये वळवळतंय. म्हणून त्याचं कूळ-मूळ कळलं पाहिजे.

१९६२ साली इटलीत ग्वाल्तिएरो जाकोपेत्ती, पाओलो काव्हारा आणि फ्रांको प्रोस्पेरी या तिघांनी 'मोंदो काने' हा माहितीपट काढला. मोंदो काने म्हणजे कुत्र्याचं जग. इटालियन माणूस वैतागला की ही शिवी हासडतो. सुरुवातीलाच हे सांगून टाकतात की यातलं सगळं खरं आहे, तुम्हाला धक्का बसला तर दोष जगाचा, आमचा नाही. एवढं बोलून हात झटकले. आणि मग पावणेदोन तास जत्रा. न्यू गिनीतली एक बाई डुकराच्या पिल्लाला अंगावर पाजतेय. कट. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांची थडगी, थडग्यांवर फुलं. कट. तैपेईत कुत्र्याचं मटण. कट. पाठीमागं गोड गोड संगीत. त्याच संगीतातून 'मोर' हे गाणं निघालं आणि ते थेट ऑस्करच्या नामांकनात जाऊन बसलं. सिनेमा कान महोत्सवात झळकला, जगभर चालला. मग काय, 'मोंदो' हे दुकानाचं नावच झालं. दुसरा भाग, तिसरा भाग, नकलांच्या नकला.

आता नीट बघा. यातलं राजकारण शॉटमध्ये नाही, कटमध्ये आहे. आम्ही रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधतो. कुठला धागा कशाला सांधला हे बघितल्याशिवाय सूत कसलं ते कळत नाही. कुत्र्याच्या थडग्याला कुत्र्याचं मटण सांधलं की बघणारा हसतो, किळस करतो आणि घरी जातो. ज्याला भूक आहे आणि ज्याच्याकडं उरून सांडतंय, ते दोघं एकाच 'विचित्र जगा'चे नमुने ठरतात. भूक कुणी आणली हा प्रश्नच उरत नाही. विचित्रपणा उरतो.

त्याच सिनेमात बिकिनी बेटावरची एक कासवीण आहे. अमेरिकेनं तिथं अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळं कासविणीची दिशा हरवली, समुद्राकडं जायच्या ऐवजी ती जमिनीच्या आत आत सरपटत गेली आणि मेली, असं सिनेमा सांगतो. संगीत रडतं, आपणही रडायचं. पण १९४६ साली याच चाचण्यांसाठी त्या बेटावरची माणसं उचलून दुसरीकडं नेऊन टाकली होती. ती कुठं गेली? काय खाऊन जगली? कासवासाठी रीळ आहे, माणसासाठी नाही.

यावर शहाणी माणसं म्हणतात, अरे पण यात गोऱ्यांचीही टिंगल आहे, जर्मनीतले दारुडे आहेत, हवाईतले म्हातारे टूरिस्ट आहेत. सगळ्यांना सारखं झोडपलंय. सारखं? गोऱ्या माणसावर हजार सिनेमे आहेत. कशात तो प्रेम करतो, कशात शोध लावतो, कशात रडतो. त्यातल्या एकात तो दारू पिऊन पडला तर त्याचं काय बिघडतं? न्यू गिनीच्या त्या बाईला जगाच्या पडद्यावर एवढाच एक मिनिट मिळाला, आणि तो डुकराच्या पिल्लाबरोबर. तिचं नाव काय, तिच्या पोरांचं काय, ती काय बोलली? तिच्या तोंडचं एक वाक्य नाही. बोलतोय तो इटलीतला निवेदक. ती मुकी आणि तो शहाणा. ही समानता आपल्या ओळखीची आहे. 'सगळेच माणूस, जात कशाला काढता' म्हणणाऱ्यांची समानता ही.

पुढचा सिनेमा १९६६ चा. 'आफ्रिका आदिओ', म्हणजे आफ्रिके, आता रामराम. जाकोपेत्ती आणि प्रोस्पेरी यांचाच. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते त्या वर्षांत यांचा कॅमेरा तिथं फिरत होता. केनियातले गोरे मळेवाले घरदार विकून निघालेत. जनावरांच्या कत्तली. १९६४ च्या क्रांतीत झांजिबारला मारल्या गेलेल्या अरबांची प्रेतं, आकाशातून टिपलेली. काँगोतले गोरे भाडोत्री सैनिक आणि त्यांच्या गोळ्या. सगळ्याचा अर्क एकच. गोरा मालक गेला आणि घर उघड्यावर पडलं.

आपण इथं खोटं बोलायचं नाही. झांजिबारची कत्तल झाली, मेलेली माणसं खरी होती, त्यांच्यासाठी आपलंही काळीज हललं पाहिजे. पण त्या बेटावर ब्रिटिशांच्या छत्राखाली सुलतानाचं राज्य होतं, लवंगांचे मळे बहुतेक अरब जमीनदारांचे होते आणि राबणारा काळा होता, हे सांगितल्याशिवाय ती प्रेतं कशाची साक्ष देणार? कारण सांगणं म्हणजे कत्तलीचं समर्थन नव्हे. कारण लपवणं हे मात्र पुढच्या कत्तलीला बियाणं ठेवणं आहे. काँगोचंही तेच. रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले ते बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या अमलात. लुमुंबाला १७ जानेवारी १९६१ ला गोळ्या घातल्या. त्यात बेल्जियमच्या काही मंत्र्यांची नैतिक जबाबदारी होती, हे २००१ साली बेल्जियमच्याच संसदेच्या चौकशीनं मान्य केलं. आणि खुद्द इटली? १९३५-३६ साली इटलीच्या फौजेनं इथिओपियावर विषारी गॅस सोडला. इटालियन कॅमेरा आफ्रिकेच्या रानटीपणाची गोष्ट सांगायला निघाला, तेव्हा तो गॅस विसरला.

काँगोतला एक गोळीबार कॅमेरा नीट लागावा म्हणून थांबवला गेला, असा आरोप तेव्हा इटलीतल्या 'लेस्प्रेसो' साप्ताहिकातून झाला. जाकोपेत्तीवर खटला झाला, तो निर्दोष सुटला. बरं. कोर्टाचा निकाल मी बदलत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. मारणाऱ्याच्या बाजूला कॅमेरा निवांत उभा राहतो कसा? बंदूक आणि लेन्स एकाच बाजूनं एकाच माणसावर रोखलेली. मरणाऱ्याच्या बाजूनं जग कसं दिसतं, ते बघायला तिकडं कुणीच नाही.

या सिनेमावर वंशद्वेषाचा आरोप झाला. त्याला उत्तर म्हणून या दोघांनी १९७१ साली 'आदिओ झिओ टॉम' काढला. विषय, अमेरिकेतली गुलामगिरी. दोघे इटालियन हेलिकॉप्टरमधून जुन्या काळात उतरतात आणि गुलामांच्या मालकांची मुलाखत घेतात, अशी कल्पना. दोस्तांनो, इथं मात्र पोटात गोळा येतो. कारण हा सिनेमा बहुतेक सगळा हैतीत काढला. हैतीचा हुकूमशहा पापा डॉक दुव्हालिए. त्यानं यांना गाड्या दिल्या, सैनिक दिले, पाहिजे तेवढी माणसं दिली. शेकडो हैतीयन बायाबापड्या, पोरंसुद्धा, नागडी करून बेड्या घालून कॅमेऱ्यापुढं उभी केली. पशूसारखी खायला घातली, बाजारात तपासली. गुलामगिरी किती वाईट होती हे दाखवायला!

हैती कोणता देश? जिथं गुलामांनी स्वतः उठाव करून मालकांना हाकललं आणि १ जानेवारी १८०४ ला काळ्यांचं स्वतंत्र राज्य जाहीर केलं, तो देश. ज्यांच्या खापरपणज्यांनी बेड्या तोडल्या त्यांच्याच अंगात सिनेमासाठी पुन्हा बेड्या अडकवल्या. आणि ती माणसं एवढी स्वस्त का मिळाली? १८२५ साली फ्रान्सनं तोफा रोखून हैतीकडून १५ कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली. कशाची भरपाई? मालकांची मालमत्ता गेली म्हणून, आणि त्या मालमत्तेत ही माणसंसुद्धा आली. पुढं रक्कम कमी केली, पण कर्ज फेडता फेडता एका देशाच्या पिढ्या खलास झाल्या. गोष्ट ही होती. कॅमेऱ्याच्या पायाखालीच पुरलेली होती. पण ती उकरायला कुदळ लागते, हेलिकॉप्टर चालत नाही.

आता याच्या शेजारी आपलं एक पुस्तक ठेवा. १८७३. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी'. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केलंय. म्हणजे तीच गुलामगिरी, तोच विषय. पण जोतीरावांनी काय केलं? धोंडीबाला समोर बसवलं आणि सवाल-जबाब मांडला. हे कुणी केलं? कसं केलं? कुठल्या कहाण्या सांगून आमच्या डोक्यात बसवलं? जखम दाखवली ती हत्यारापर्यंत आणि हत्यार धरणाऱ्या हातापर्यंत पोचण्यासाठी. धोंडीबा प्रेक्षक नाही, तो प्रश्न विचारतो. जाकोपेत्तीच्या सिनेमात प्रश्न विचारायला एकही धोंडीबा नाही.

म्हणूनच आफ्रिका आणि हैतीचं आपल्याला काय, असं कुणी विचारू नका. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, निग्रोंचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न किती सारखा आहे ते सांगितलं. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव कुठून घेतलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. हे नातं कुणी उसनं आणलेलं नाही.

ज्यांना दाखवलं ते गप्प बसले नाहीत, हे पण नोंदवून ठेवा. १९६६ साली पश्चिम बर्लिनमध्ये 'आफ्रिका आदिओ' लागला तेव्हा आफ्रिकन विद्यार्थी आणि त्यांचे जर्मन साथी थिएटरात घुसले, राडा केला, खेळ बंद पाडला. अर्जेंटिनात सोलानास आणि गेतिनो यांनी १९६९ साली 'तिसऱ्या सिनेमा'चा जाहीरनामा लिहिला, त्यात जाकोपेत्तीचं नाव घेऊन झोडलंय. नुसतं लिहिलं नाही. १९६८ चा त्यांचा 'ला ओरा दे लोस ओर्नोस' हा सिनेमा हुकूमशाहीत चोरून, कामगारांच्या घरांतून दाखवला जायचा. मध्येच मशीन बंद. दिवे लावा. आता बोला, आपण काय करायचं? पुन्हा मशीन चालू.

आणि सगळ्यात सणसणीत चपराक दिली ती कोलंबियातल्या काली शहरातल्या लुइस ओस्पिना आणि कार्लोस मायोलो यांनी. १९७७ साली त्यांनी 'आगार्रांदो पुएब्लो' काढला. अर्ध्या तासाचा सिनेमा. त्यात एक फिल्मवाली टोळी जर्मन टीव्हीसाठी गरिबी गोळा करत फिरते. भिकारी, वेडी बाई, रस्त्यावरची पोरं. पोरांना पैशासाठी कारंजाच्या पाण्यात उड्या मारायला लावतात. मग एका झोपडीपुढं भाड्यानं आणलेलं गरीब कुटुंब उभं करतात आणि निवेदकाला पाठ केलेलं भाषण म्हणायला लावतात. तेवढ्यात झोपडीचा खरा मालक घुसतो. ही भूमिका केली लुइस अल्फोन्सो लोंदोन्यो यानं, तो तसल्याच वस्तीतला माणूस. तो त्यांना शिव्या घालतो, हाकलतो. पैसे पुढं केले तर नोटांनी ढुंगण पुसतो आणि रीळ ओढून ओढून उघडं करून टाकतो. या दोघांनी असल्या धंद्याला नाव दिलं, 'पोर्नोमिसेरिया'. गरिबीची नागडी चित्रं विकणं. आपल्याकडं नागराज मंजुळेच्या 'फँड्री'त (२०१३) जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड असाच पडद्यातून बघ्यांच्या तोंडावर येतो. झोपडीचा मालक आणि जब्या, दोघं एकाच गावचे.

पण इथं एक खबरदारी. असल्या सिनेमांवर चिडणारा दुसराही एक आहे आणि तो आपला दोस्त नाही. फ्रान्सच्या लुई मालनं १९६९ साली भारतावर लांबलचक माहितीपट केला. तो मोंदो नव्हे, त्यातला एक अख्खा भाग जातीवर आहे. बीबीसीनं तो दाखवला तेव्हा दिल्ली सरकारला मिरच्या झोंबल्या, आणि १९७० साली बीबीसीचं दिल्लीतलं ऑफिस बंद झालं. का, तर देशाची बदनामी. यांचं गणित समजून घ्या. दलिताला मारलं तर देशाची बदनामी होत नाही, मारलेलं दाखवलं की होते. एक म्हणतो जखम विकू. दुसरा म्हणतो जखम झाकू. जखम बरी करायची गोष्ट दोघंही काढत नाहीत. आपला राग यातल्या एकाच्याही पदरात पडता कामा नये.

आमच्या गिरणीतलं सांगतो. नाव कुणाचं घेत नाही. दोन-तीन जण कॅमेरा घेऊन आले, मालकाची परवानगी होतीच. कार्डिंग खात्यात रुई उडते, केसांत, भुवयांत, नाकात बसते. त्यांना ते फार आवडलं. 'बर्फासारखं दिसतं' म्हणाले. आमच्यातला एक म्हातारा बदली कामगार खोकत होता. त्याला म्हणाले, काका, पुन्हा एकदा खोका, आवाज नीट आला नाही. म्हाताऱ्यानं पुन्हा खोकून दाखवलं. बिचारा पाहुण्यांचा मान ठेवत होता. पण त्याला एका पाळीचे किती मिळतात, किती वर्षं बदलीच आहे, तोंडाला फडकं कुणी द्यायचं, डॉक्टर कधी बघतो, यातलं काही विचारलं नाही. खोकला घेऊन गेले. मालक फ्रेममध्ये आलाच नाही. तो बाजूला उभा राहून त्यांना चहा पाजत होता.

मोंदो म्हणजे हेच. त्याला इटली लागत नाही, रक्तही लागत नाही. खोकला पुरतो.

आता आपल्या खिशातल्या पिल्लाकडं या. ११ जुलै २०१६. गुजरातमधलं उना. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. शूटिंग कुणी केलं? मारणाऱ्यांच्याच बाजूनं झालं, आणि मोठेपणा म्हणून पसरवलं. मोंदोवाल्यांना निदान आम्ही नुसते बघे आहोत असं सोंग तरी करावं लागायचं. आता मारणारा, शूट करणारा आणि वाटणारा एकच. पण पुढं काय झालं? गुजरातमधल्या आपल्या लोकांनी तो व्हिडिओ बघून नुसतं रडणं नाकारलं. सुरेंद्रनगरला मेलेली जनावरं कलेक्टर ऑफिसपुढं नेऊन टाकली. मोर्चा काढला, जमीन मागितली. मालकाच्या फुशारकीचा सिनेमा त्यांनी आरोपपत्र करून टाकला. चित्र तेच. सांधा बदलला.

त्याच्या बरोबर एकोणीस वर्षं आधी, ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसं गेली. गोळीबार का, तर म्हणे जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. शाहीर विलास घोगरेनं त्यानंतर गळफास घेतला. आनंद पटवर्धननं चौदा वर्षं या गोष्टीचा पाठपुरावा करून 'जय भीम कॉम्रेड' (२०११) पुरा केला. त्यात प्रेतंही आहेत. पण पोलिसांची टँकरची गोष्ट तपासलीय, गोळी झाडायचा हुकूम देणारा कोण ते नावानिशी आहे, आणि मेलेल्यांची माणसं बोलतात, गातात, भांडतात. याच माणसाच्या १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये झोपडी पाडलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते, आमचे फोटो काढून तुम्ही काय करणार म्हणून. त्यानं ते कापलं नाही. आमच्यावर सिनेमा करणाऱ्यानं आमचा राग स्वतःवरही घेतला पाहिजे. तेवढी तरी फी आहे.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात.

वस्तीत कॅमेरा आला तर अडवू नका, पण उभं करून विचारा. कुणाचे पैसे? कुणाला दाखवणार? आमची नावं येणार का? मारणारा, मालक, सरपंच, फौजदार फ्रेममध्ये येणार का? सिनेमा झाला की आधी आमच्या वस्तीत दाखवणार का? उत्तर नसेल तर चहा पाजा आणि रस्ता दाखवा.

आणि आपणही. अत्याचाराचा व्हिडिओ हातात आला की अंगठा आवरा. आधी तो सांभाळून ठेवा, वकिलाकडं द्या, तो पुरावा आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय आपल्या आयाबहिणींचं उघडं अंग गावभर फिरवू नका. ते काम मारणाऱ्यानं एकदा केलेलंच असतं. लोकांपुढं ठेवायचाच असेल तर त्याच्याबरोबर आरोपींची नावं, तारीख, गुन्हा नोंदवला का, १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम लावलं का आणि आपली मागणी काय, हे ठेवा. एवढं नसेल तर तो मोंदोच. खाली निळा झेंडा लावला तरी मोंदोच.

पुढच्या रविवारी वस्तीत यातला एखादा सिनेमा लावा. 'आगार्रांदो पुएब्लो' लावा, अर्ध्या तासाचाच आहे. मध्येच थांबवा. दिवे लावा. पोरींना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना बोलू द्या. आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहा. हे कुणी केलं?

जय भीम.